दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई

पवित्र शास्त्रात दुष्काळ ठिकठिकाणी भेटतो. योसेफाचे भाऊ धान्यासाठी मिसरात गेले ते दुष्काळामुळे. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्याच गावातली भाकर संपली म्हणून नामीचे कुटुंब मवाबात गेले. एलीयाच्या दिवसांत इस्राएलात पाऊस थांबला, तेव्हा अहाब राजा आपल्या घोड्याखेचरांसाठी गवत शोधत फिरत होता आणि त्याच वेळी सारफथ येथील एक विधवा आपल्या लेकरासाठी शेवटची भाकर भाजण्याकरिता काटक्या गोळा करीत होती. आभाळ दोघांवरही सारखेच रुसले होते. तरी राजाची चिंता जनावरांच्या चाऱ्याची आणि विधवेची चिंता मरणाची, एवढा फरक त्या एकाच दुष्काळाने केला.

पाऊस न पडणे हे माणसाच्या हाती नाही. परंतु पाऊस न पडल्यावर कोण जगावा आणि कोण मरावा हे बहुतेक वेळा माणसांनी घालून ठेवलेल्या व्यवस्थेवर ठरते. ही गोष्ट आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंइतकी दुसऱ्या कोणाला कळली नसेल. विदुषी, समाजसुधारक, मुक्ती मिशनच्या संस्थापिका, शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते मात्र दुष्काळाने, आणि त्यांनीही पुढे दुष्काळाशीच आयुष्यभर झुंज घेतली. त्या बाजूने त्यांचे चरित्र पाहावे असा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या मासिकाचे वाचक नगर, सोलापूर, जालना अशा कोरड्या मुलखात आहेत, तसे गोव्यातही आहेत. पेडणे, डिचोलीकडच्या वाचकाला वाटेल की, जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे दुष्काळाची कथा कशाला? त्याने थोडा धीर धरावा. शेवटी आपण त्याच्या विहिरीपाशी येणार आहोत.

रानातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. तरुणपणी पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू एका स्त्रीला संस्कृत शिकवताना त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांनी, जातभाईंनी विरोध केला. तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडले, रानात घर बांधले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांना विद्या दिली. पुढे याच मातेने पहाटे उठवून लहान रमेला संस्कृत शिकवले. पुस्तक हाती न देता, तोंडाने म्हणवून घेऊन तिने हजारो श्लोक मुलीकडून पाठ करून घेतले.

आल्यागेल्याचे आदरातिथ्य आणि त्यासाठी झालेले कर्ज यांत घरची मालमत्ता गेली. रमा अवघ्या काही महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तिला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेले, असे त्या सांगत. त्यानंतर घर असे राहिलेच नाही. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, ऐकणाऱ्यांनी दक्षिणा, तांदूळ, फळे ठेवावीत, त्यावर निर्वाह करावा. लोकांच्या घरी धान्य होते तोवर हे बरे चालले.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुराणिकाचे पोट शेतकऱ्याच्या कणगीवर अवलंबून असते. शेतकऱ्याचे शेत करपले की पहिल्यांदा दक्षिणा आटते.

अकरा दिवस

मद्रास इलाख्यातील मोठ्या दुष्काळाचा कळस १८७६ आणि १८७७ या वर्षांत झाला. परंतु रमाबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याची सुरुवात तीन वर्षे तरी आधीच झाली होती. डोंगरे कुटुंब त्या वेळी दक्षिणेत फिरत होते. वडील म्हातारे झाले होते, डोळ्यांनी आंधळे झाले होते. गाठीचा पैसा संपला. दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. व्रते झाली, उपवास झाले, देवापुढे अनुष्ठाने झाली. शेवटी तांदळाचा अखेरचा दाणाही संपला.

मग सर्वांनी रानात जाऊन मरावे असे ठरले. भीक मागावी तर कुळाचा अभिमान आड येई, मजुरी करावी तर कोणाला काही काम येत नव्हते. अकरा दिवस आणि अकरा रात्री हे कुटुंब पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. अखेर वृद्ध पित्याला सोसवेना. पवित्र तळ्यात देह सोडणे हे पाप मानले जात नसे, म्हणून त्यांनी जलसमाधीचा निश्चय केला आणि एकेकाचा निरोप घेतला. रमा सर्वांत धाकटी, म्हणून तिची पाळी शेवटी आली. आंधळ्या बापाने तिला पोटाशी धरले, आपण तिच्यावर किती प्रेम केले याची आठवण दिली आणि जन्मभर देवाची सेवा कर, चांगल्या मार्गाने चाल, असे सांगितले. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती.

इथे थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू, आईबापांना पोसू, असे त्याने सांगितले. जलसमाधी टळली, सर्व जण रानातून बाहेर पडले. पण उशीर झाला होता. वडिलांना ताप भरला आणि १८७४ च्या जुलैत ते वारले. काही आठवड्यांनी आईही त्याच वाटेने गेली. आजारी आई अन्नासाठी तळमळत असताना रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईने भाकरी दिली. आईला ती गिळता आली नाही.

आईचा देह स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. अनोळखी कुटुंब, जात कोणती याची खात्री नाही, कोण खांदा देणार? शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ, आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिची बाजू खाली जाई, म्हणून तिने आपल्या वाट्याचे ओझे डोक्यावर घेतले. पुढे थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. पाच जणांच्या कुटुंबातून दोघे उरले.

पाऊस आणि माणूस

इथे क्षणभर थांबून विचार करू. या तीन माणसांना कोणी मारले?

पाऊस पडला नाही हे खरे. प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापते आणि त्यामुळे आपल्याकडचा मोसमी वारा दुबळा पडतो, हे आज शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. त्याला एल निनो म्हणतात. १८७७ साली तसेच झाले. पण त्याच वर्षांत या देशातून धान्य जहाजांत भरून विलायतेला जात होते. नव्या आगगाड्या धान्य भुकेल्यांकडे नेत, तशाच भुकेल्यांच्या गावातून भाव असेल तिकडेही नेत. व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला, भाव चढले. ज्याच्याकडे पैसा त्याला धान्य मिळाले. ज्याच्याकडे फक्त हात होते त्याला खडी फोडण्याच्या कामावर अपुरी मजुरी मिळाली. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसे दगावली असा अंदाज आहे.

डोंगरे कुटुंबाकडे पैसा नव्हता आणि त्यांचे हात कामाला शिकवलेले नव्हते. त्यांना हजारो श्लोक येत, पण एक वेळची भाकरी मिळवून देईल असे एकही काम येत नसे. श्रम हलका आणि श्रमणारा हलका, असे समाजाने त्यांना शिकवले होते. आजवर ज्या जातीच्या अभिमानाने त्यांना मान दिला, त्यानेच दुष्काळात त्यांचे हात बांधले. आणि ज्यांचे हात आधीच मोकळे होते त्या मजुरांना त्याच व्यवस्थेने जमीन दिली नव्हती, साठा दिला नव्हता. वरचा आणि खालचा, दोघेही एकाच फासात अडकले होते.

उलट बाजूही आहे. दुष्काळ समाजाला पुष्कळ काही शिकवतो, पण मोठी किंमत घेऊन. कुटुंबे फुटतात, गावे ओस पडतात, सोवळ्यात वाढलेली माणसे शिवाशिव विसरून एका रांगेत उभी राहतात. श्रीनिवास डोंगरे यांनी मजुरीचा निश्चय केला तो कोणत्या सुधारकाच्या व्याख्यानामुळे नव्हे, तर अकरा दिवसांच्या भुकेमुळे. रमाबाईंच्या मनात पुढे जे रुजले, म्हणजे स्त्रीला विद्या हवी, विद्येबरोबर हाताला काम हवे आणि कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, त्याचे बी त्या रानात पडले होते.

विहिरीवरची स्त्री

भाऊबहीण अनवाणी, अर्धपोटी उत्तरेकडे निघाले. भिजवलेले मूठभर धान्य, वर चिमूटभर मीठ, असे त्यांचे जेवण असे. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, आत झोपून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हजारो मैल पायी फिरून १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पुढची हकिकत वाचकांना माहीत आहे. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीला नेले. बाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळत, हे पाहून रमाबाईंना नवल वाटले. असे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी, एकटी, कोणी भेटू नये अशा वेळी विहिरीवर आलेली ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा तो तहानलेला प्रवासी! ज्या मुलीने पाण्यावाचून, अन्नावाचून माणसे मरताना पाहिली होती तिला या गोष्टीत आपला तारणारा भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. अंतःकरणाची पूर्ण शांती त्यांना आणखी काही वर्षांनी लाभली, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रांनी मदतीसाठी मंडळ काढले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडले, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्या म्हणून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती होती, म्हणून संस्था आपल्या पायावर उभी राहावी यासाठी त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, आगगाडीच्या रस्त्यावर, केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तेथे फळबाग लावण्याचे ठरवले. पर्जन्यछायेतला तो माळ. लोकांना वाटले, बाईंचा पैसा मातीत गेला.

मध्य प्रांताची हाक

१८९६ साली पुन्हा पाऊस फसला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. बाईंच्या हाती पैसा फारसा नव्हता, पदरी आधीच मुली होत्या. तरी त्यांना स्वस्थ बसवेना. बावीस वर्षांपूर्वीचे रान डोळ्यांपुढे उभे राहिले. देवावर भार टाकून त्या निघाल्या.

तेथे त्यांनी जे पाहिले ते केवळ भुकेचे दृश्य नव्हते. सरकारी मदतीची केंद्रे होती, गरीबखाने होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे नियम छापले गेले होते. पण कागदावरचा नियम आणि भुकेल्याच्या हातावर पडणारे धान्य यांच्यामध्ये मुकादम बसलेला असे. पोरक्या मुलींवर आणि तरुण विधवांवर वाईट नजर ठेवणारी माणसे केंद्रांच्या भोवती घिरट्या घालीत. चार पैशांना मुली विकल्या जात. दुष्काळाने अन्न हिरावले. त्या मुलींची अब्रू हिरावणारी मात्र माणसेच होती. ज्या समाजात चांगल्या दिवसांतही विधवेला ओझे मानतात, तो समाज वाईट दिवसांत तिला प्रथम टाकून देतो, हे बाईंनी उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि निर्भयपणे लिहिले.

त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया गोळा करून आणल्या. त्यांतील सुमारे तीनशे आपल्याकडे ठेवल्या, बाकीच्या निरनिराळ्या मिशनांच्या हवाली केल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला. इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा बाईंनी सर्वांना केडगावच्या उघड्या माळावर नेले. सुरुवातीला तंबू आणि छपरे एवढाच आसरा होता. ज्या जमिनीला लोक हसले तिने घर दिले. तेच मुक्ती सदन.

काम आणि भाकर

आलेल्या मुलींची स्थिती सांगवत नाही. हाडांचे सापळे, अंगावर फोड, मनात भीती. पोटभर मिळाल्यावरही उद्या मिळेल यावर विश्वास नसे, म्हणून भाकरी लपवून ठेवीत. बाईंनी त्यांना शिक्षा केली नाही. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसाला ते लपवणे समजते. शारदा सदनात शिकलेल्या तरुण विधवांना त्यांनी एकेका गटाची आई केले. काल जिला घराने अपशकुनी ठरवले होते, ती आज पंधरावीस लेकरांचे केस विंचरू लागली, त्यांना अक्षरे शिकवू लागली. शारदा सदनातील बहुतेक मुली वरच्या जातीच्या, दुष्काळातून आलेल्या नाना जातींच्या. आता त्या एका छपराखाली एकाच तव्यावरची भाकरी खाऊ लागल्या.

केडगावात विहिरी खोदल्या गेल्या. शेती झाली, भाजीपाला, गाईम्हशी झाल्या. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकवली. प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक डोक्याला विद्या, हा तिथला नियम. अनंतशास्त्र्यांच्या लेकीने वडिलांची विद्या टाकली नाही. त्या विद्येला जे कमी पडले होते ते तिने जोडले.

१८९९ आणि १९०० साली पुन्हा दुष्काळ पडला. गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणत, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. या वेळी बाईंनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांना गुजरातेत पाठवले आणि त्यांनी शेकडो मुलींना वाचवून आणले. मुक्तीची वस्ती दीड हजाराच्या घरात गेली. पाऊस केडगावातही नव्हता. एवढ्या माणसांचे पिणे, स्वयंपाक, बांधकाम सारे विहिरींवरच भागवायचे होते. शिस्तीने, काटकसरीने आणि प्रार्थनेने ते दिवस निघाले.

त्याच मुलखात, त्याच कोरड्या आभाळाखाली, एका ठिकाणी माणसे मरत होती आणि दुसऱ्या ठिकाणी दीड हजार मुली जगत होत्या. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी पडला होता.

एक कठीण प्रश्न

भुकेल्यांना भाकर देऊन ख्रिस्ती केले, हा आरोप बाईंवर झाला, तसा तो आपल्या मंडळीवर आजही होतो. १८७६ नंतरच्या आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत नगर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अनेक कुटुंबे प्रभूकडे आली. आपल्यापैकी काहींचे पणजे, खापरपणजे त्यांत असतील. त्यांना दुष्काळी ख्रिस्ती म्हणून हिणवले गेले. हा आरोप नुसता झटकून टाकू नये. त्यावर विचार करावा.

उपाशी माणसाची संमती पूर्ण मोकळी नसते, हे खरे आहे. म्हणून भाकरीला अट घालणे हे ख्रिस्ताच्या रीतीत बसत नाही. त्याने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आधी विश्वासाची परीक्षा घेतली नाही. जिथे जिथे मिशनच्या माणसांनी भाकरी आणि बाप्तिस्मा यांचा सौदा केला असेल, तिथे ते चुकले असे आपण स्पष्ट म्हणावे. परंतु दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. ही लेकरे रस्त्यावर पडली होती तेव्हा त्यांच्या गावाने, जातीने, सावकाराने आणि सरकारने त्यांना का उचलले नाही? ज्याने उचलले त्याच्यावर बोट ठेवताना, ज्यांनी ओलांडून वाट धरली त्यांचाही हिशेब व्हायला हवा. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, हे आपण विसरत नाही.

आपले पूर्वज भुकेपायी आले असतील तर त्यात आपल्याला लाज वाटू नये. उधळ्या पुत्रालाही बापाच्या घराची आठवण दुष्काळातच झाली होती. मात्र त्या पूर्वजांना ज्या दाराने आत घेतले, ते दार आज आपण दुसऱ्यासाठी किती उघडे ठेवतो, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल.

अखेरचे काम

बाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे पवित्र शास्त्र मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली. थोड्या शिकलेल्या बाईलाही ते कळावे हा त्यांचा ध्यास. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील मुलींच्या हातून झाली. ज्या हातांनी दुष्काळात भीक मागितली असती, त्या हातांनी देववचनाचे खिळे जुळवले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आईने दुःख गिळून काम चालू ठेवले, भाषांतर तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. ते शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या विहिरीपाशी

आता गोव्याच्या वाचकाकडे वळू. पेडणे, डिचोलीत पाऊस धो धो पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून समुद्राला मिळतो. मे महिन्यात काही वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तिळारीचे पाणी कालव्याने येते म्हणून नळ वाहतात. कालवा फुटला की पेडणे, डिचोली आणि बार्देशचे नळ कोरडे पडतात. आणि ते धरण व्हावे म्हणून दोडामार्ग तालुक्यातील गावांनी आपली घरेदारे, शेते पाण्याखाली जाऊ दिली आहेत. आपण उघडलेल्या नळामागे दुसऱ्याचे सोडलेले घर आहे.

डिचोली तालुक्याने आणखी एक गोष्ट पाहिली. खनिजासाठी डोंगर खणता खणता खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले. आत साचणारे पाणी पंपांनी रात्रंदिवस बाहेर काढले गेले. शिरगावसारख्या गावांत विहिरी आणि झरी आटल्या. माती वाहून शेतांत आली. पाऊस कमी झाला नव्हता. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात माणसाने आपल्या हाताने दुष्काळ तयार केला. त्याच खाणीवर कित्येक घरांची चूलही पेटत होती, हेही विसरता येत नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्यांपासून मजुरांपर्यंत अनेकांचे हाल झाले. भाकरी आणि पाणी यांत निवड करायला लावणारी व्यवस्था ही देवाने केलेली नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना १९७२ चा दुष्काळ वडिलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक असेल: खडी फोडणाऱ्या बायाबापड्या, मिलोची लाल भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी. पण त्या वेळी समाज काही शिकलाही. मागेल त्याला काम हे तत्त्व रोजगार हमी योजनेने मान्य केले, पुढे त्याचा कायदा झाला, आणि १८७७ प्रमाणे लाखो माणसे मेली नाहीत. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी गेले. ज्या आगगाडीने एके काळी भुकेल्यांच्या गावातून धान्य नेले, तीच तहानलेल्यांकडे पाणी घेऊन गेली. आगगाडीला दोष नाही, पुण्यही नाही. ती कोणासाठी धावते हे माणसे ठरवतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. एलीया आणि सारफथची विधवा हा धडा घ्याल तेव्हा मुलांना रमाबाईंची गोष्ट सांगा. मग त्यांना आपल्या वाडीकडे पाहायला सांगा. उन्हाळ्यात कोणाची विहीर प्रथम आटते? पाण्याला सर्वांत लांब कोण चालते, मुलगा की मुलगी? एखाद्या विहिरीवर कोणाला यायला अजूनही संकोच वाटतो का? आपल्या मंदिराच्या छपरावरचे पाणी पागोळ्यांतून कुठे जाते, ते जिरवता येईल का? ही उत्तरे मुलांनी घरी विचारून आणावीत. धडा तिथेच पुरा होईल.

अंत्युखियाच्या मंडळीला अगब संदेष्ट्याने येणाऱ्या दुष्काळाची सूचना दिली, तेव्हा त्या मंडळीने तो का येणार याची चर्चा केल्याचे शास्त्र सांगत नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंसाठी मदत पाठवली, एवढेच सांगते. दुष्काळ येण्याआधीच त्यांनी हात सैल केला होता. केडगावच्या कोरड्या माळावर, दुष्काळाच्या आधी घेतलेल्या जमिनीत, रमाबाईंनी तेच केले. पाऊस देवाच्या हाती आहे. विहीर खोल ठेवणे, ती सर्वांसाठी मोकळी ठेवणे आणि दारी आलेल्या पोरक्या लेकराला आत घेणे, हे त्याने आपल्या हाती दिले आहे. ते हात त्याने आपल्या कृपेने उघडे ठेवावेत.